ताशी दराने ठरलेले टो आणि मरीनात हाती पडलेला सॅल्व्हेजचा दावा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवेने बोट घेऊन दक्षिणेकडे निघणाऱ्या किंवा तसा विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमची बोट गाळात रुतली असताना मदतीला आलेल्या एका टो-बोटवाल्याने ती ताशी दराने ओढून मरीनापर्यंत, म्हणजे खासगी बोटी ठेवण्याच्या धक्क्यापर्यंत, नेण्याचे तोंडी ठरवले आणि धक्क्याला लागल्यावर बोटीच्या किमतीच्या टक्केवारीत सॅल्व्हेजचा दावा आमच्या हातात ठेवला. टो आणि सॅल्व्हेज या कायद्याच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत केलेल्या श्रमाचे आणि वेळेचे पैसे द्यावे लागतात, तर दुसरीत बोट धोक्यातून वाचवल्याचे बक्षीस मागितले जाते आणि ते ठरवताना वाचलेल्या बोटीची किंमत विचारात घेतली जाते. त्याने काम पहिल्या प्रकारचे केले आणि कागद दुसऱ्या प्रकारचा केला.

हे असे का घडू शकते ते समजण्यासाठी या जलमार्गाची थोडी माहिती हवी. व्हर्जिनियातील नॉरफोक येथे शून्य मैल धरून हा मार्ग मायामीपर्यंत सुमारे १,०९५ मैल जातो. खाड्या, नद्या, खाजणे आणि त्यांना जोडणारे खोदलेले कालवे मिळून तो बनला आहे. त्याची देखभाल अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाकडे, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे, असून नॉरफोकपासून फ्लोरिडातील फोर्ट पीअर्सपर्यंत मंजूर खोली १२ फूट आहे, परंतु गाळ काढण्याचा निधी नेहमीच अपुरा पडत असल्याने ती खोली अनेक ठिकाणी केवळ कागदावर उरते. जॉर्जियात हे सर्वांत जास्त जाणवते. तेथे किनारा आत वळलेला असल्यामुळे भरतीचे पाणी कोंडले जाते आणि भरती-ओहोटीतील फरक सात ते नऊ फुटांपर्यंत जातो. लिटल मड रिव्हर, हेल गेट, जेकिल क्रीक ही नावे दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येक बोटवाल्याला पाठ असतात, कारण सुकतीला, म्हणजे ओहोटी पूर्ण झाल्यावर, तेथे खोल बुडाच्या बोटीला पुरेसे पाणी राहत नाही. त्यात भर म्हणजे अनेक विमा कंपन्या वादळांच्या हंगामात बोट ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेलाच ठेवण्याची अट घालतात. ती अट साधारण नोव्हेंबरच्या सुमारास संपली की शेकडो बोटी एकदम दक्षिणेला निघतात, दिवस लहान झालेले असतात आणि अंधारापूर्वी मरीना गाठण्याची सर्वांनाच घाई असते. फसवणाऱ्याला याहून सोयीचा काळ मिळणार नाही.

आमची बोट जॉर्जियातील अशाच एका उथळ वळणावर, मार्ग दाखवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या खुणांच्या मधोमध असताना, नकाशात दाखवलेल्या खोलीपेक्षा बऱ्याच वर आलेल्या गाळात रुतली. पाणी चढते होते. वारा जवळजवळ नव्हता, बोटीत पाणी शिरत नव्हते, इंजिन चालू होते आणि कोणाला साधे खरचटलेही नव्हते. भरती आणखी वाढल्यावर बोट आपोआप तरंगली असती, हे वेळापत्रक पाहून आम्हाला कळत होते. मागून येणाऱ्या एका ओळखीच्या बोटीला आम्ही व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, येथे पाणी कमी आहे एवढेच सांगितले. ते संभाषण ऐकून एक टो-बोट थोड्याच वेळात आमच्याजवळ आली. आम्ही तिला बोलावले नव्हते.

तिच्यावरचा मनुष्य अत्यंत सौजन्याने बोलला. अंधार पडायच्या आत तुम्हाला मरीनात पोहोचवतो, असे तो म्हणाला. माझ्या पत्नीने त्याला दोन वेळा स्पष्ट विचारले की हे टो आहे की सॅल्व्हेज, आणि दोन्ही वेळा त्याने केवळ टो असल्याचे सांगून ताशी दर बोलून दाखवला. तिने वेळ, दर आणि त्याचे वाक्य तिथल्या तिथे लॉगबुकात लिहिले. ही नोंद पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

त्यानंतर त्याने जे केले त्याचा क्रम नीट लक्षात घ्यावा, कारण सगळी लबाडी त्या क्रमातच होती. आधी त्याने दोर दिला, तो आमच्या बोटीच्या नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, बांधायला लावला आणि ताण घेतला. बोट हलू लागली, प्रवाहाने दोन्ही बोटी एकमेकींकडे सरकू लागल्या, आम्ही दोघे फेंडर (बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून लावलेल्या गाद्या) सांभाळण्यात आणि सुकाणू धरण्यात गुंतलो, आणि नेमक्या त्या क्षणी त्याने कठड्यावरून एक टॅबलेट पुढे केला. तुमच्या बोटीला दोर बांधण्याची परवानगी म्हणून माझ्या विमा कंपनीला सही लागते, असे तो म्हणाला. पडद्यावर सहीची चौकट तेवढी दिसत होती आणि वरचा मजकूर सरकवून दाखवण्याची तसदी त्याने घेतली नाही. त्या मजकुरात काम सॅल्व्हेजचे असल्याचे, बोट तातडीच्या धोक्यात असल्याचे आणि मोबदला बोटीच्या वाचलेल्या किमतीवर ठरणार असल्याचे लिहिलेले होते. प्रत त्याने मागूनही दिली नाही. नंतर ईमेलने पाठवतो, असे सांगितले आणि ती दुसऱ्या दिवशी मागणीपत्रासोबतच आली.

बोट गाळातून निघायला फार वेळ लागला नाही. एकच टो-बोट, चारी बाजूंना पाणी, शांत हवा आणि थोडक्या वेळात सुटलेली बोट, अशा कामाला टो-सेवेच्या वार्षिक सदस्यत्वांतही साधारणपणे साधे टोच मानले जाते. मागणीपत्रात मात्र आमच्या बोटीच्या विमामूल्याच्या दहा टक्के रक्कम लिहिलेली होती, म्हणजे ठरलेल्या ताशी दराने होणाऱ्या पैशांच्या कितीतरी पट. सोबत फोनवर धमकी होती की पैसे लगेच बँकेतून पाठवले नाहीत तर मरीना तुमची बोट सोडणार नाही आणि त्याच दिवशी बोटीला कुलूप लागेल. मरीनाच्या व्यवस्थापकाला मी जाऊन विचारले, तेव्हा त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते आणि बोट अडवण्याशी आपला काही संबंध नाही, हे त्याने स्वच्छ सांगितले.

त्या धमकीत किती खरे आणि किती खोटे होते ते सांगणे मला फार आवश्यक वाटते, कारण बहुतेक लोक याच टप्प्यावर घाबरून पैसे भरतात. सॅल्व्हेज करणाऱ्याचा बोटीवर सागरी कायद्याने बोजा निर्माण होतो, हे खरे आहे. परंतु बोट प्रत्यक्ष जप्त करायची तर त्याला फेडरल न्यायालयात दावा दाखल करून वॉरंट मिळवावे लागते आणि ते बजावण्याचे काम यू. एस. मार्शल करतो. टो-बोटवाला स्वतः येऊन साखळी घालू शकत नाही. शिवाय १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारात, ज्याचा अमेरिका एक पक्ष आहे, मालकाने समाधानकारक हमी देऊ केली की हा बोजा वापरून बोट अडवता येत नाही, असे म्हटलेले आहे. अशी हमी विमा कंपनी पत्राने देऊ शकते. रोख रक्कम त्याच दिवशी हातावर ठेवण्याची गरज नसते.

याच करारातील आणखी काही कलमे आमच्या विमा कंपनीच्या माणसाने मला समजावून दिली आणि ती प्रत्येक बोटवाल्याला माहीत असावीत असे मला मनापासून वाटते. सातव्या कलमानुसार धोक्याच्या किंवा गैरदबावाच्या प्रभावाखाली झालेला आणि अन्यायकारक अटींचा करार, किंवा केलेल्या सेवेच्या मानाने अवाजवी मोबदला ठरवणारा करार, रद्द करता येतो किंवा बदलता येतो. तेराव्या कलमात बक्षीस ठरवण्याचे निकष आहेत. वाचलेली किंमत हा त्यांपैकी एक निकष असला तरी धोक्याचे स्वरूप, सॅल्व्हेज करणाऱ्याचे कौशल्य आणि श्रम, त्याने घालवलेला वेळ आणि पत्करलेली जोखीम हेही तितकेच मोजावे लागते. ठरावीक टक्केवारीचा नियम तेथे कोठेही नाही. अठराव्या कलमाप्रमाणे सॅल्व्हेज करणाऱ्याने लबाडी किंवा अप्रामाणिक वर्तन केले असेल तर त्याचा मोबदला अंशतः किंवा पूर्णपणे नाकारता येतो. आणि एकोणिसाव्या कलमात असे आहे की मालकाने स्पष्ट आणि वाजवी शब्दांत मनाई केल्यानंतरही कोणी सेवा केली, तर त्याला काही देणे लागत नाही.

आमच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा पाण्याचाच ठरला. नोआ या सरकारी संस्थेची भरती-ओहोटीची वेळापत्रके सर्वांना खुली असतात आणि मागच्या तारखांचीही मिळतात. त्या दिवशी त्या वेळी पाणी चढते होते, हे त्यांवरून निर्विवाद दिसत होते आणि चढत्या पाण्यात, शांत हवेत, मऊ गाळावर बसलेल्या बोटीला तातडीचा धोका असल्याचे विधान त्यामुळे टिकेना. त्याला लॉगबुकातील नोंदीची जोड मिळाली, फोनवर काढलेल्या छायाचित्रांतील वेळ आणि सपाट पाणी यांची मिळाली, आणि ज्या ओळखीच्या बोटीशी आम्ही बोललो होतो तिने लिहून दिलेल्या निवेदनाचीही मिळाली. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बोटीचा तळ पाहून कोणतेही नुकसान नसल्याचे लिहिले. पत्रव्यवहार लांबला आणि तोवर हमीचा प्रश्न मिटेपर्यंत बोट त्याच मरीनात ठेवावी लागली, जेथे पाहुण्या बोटींना भाडे बोटीच्या लांबीवर, फुटाप्रमाणे आणि रात्रीप्रमाणे लागते. शेवटी त्याने सॅल्व्हेजचा दावा मागे घेतला आणि ताशी दराने होणाऱ्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट रकमेवर प्रकरण मिटले. आमच्या विम्यात सॅल्व्हेज धरलेले होते, टो धरलेले नव्हते, त्यामुळे ती रक्कम आणि मरीनाचे भाडे आमच्याच खिशातून गेले. ते पैसे त्याने फसवून घेतले, असे मी आजही म्हणतो.

येथे एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. या जलमार्गावर रात्री-बेरात्री, खराब हवेत, स्वतःची बोट धोक्यात घालून लोकांना सोडवणारे टो-कॅप्टन बहुसंख्य आहेत आणि खडकावर लाटांचे तडाखे खाणाऱ्या किंवा पाणी भरून बुडत चाललेल्या बोटीला वाचवणाऱ्याला सॅल्व्हेजचे भरघोस बक्षीस मिळणे पूर्णपणे न्याय्य आहे. ते मिळते म्हणूनच अशी माणसे आणि त्यांची सामग्री तेथे सज्ज असते. आमचा राग त्या व्यवस्थेवर नाही. ती व्यवस्था ज्या परिस्थितीसाठी आहे ती नसताना तिचा कागद पुढे करणाऱ्यावर आहे.

म्हणून बोट रुतली आणि जिवाला धोका नसेल, तर आधी पाणी चढते आहे की उतरते आहे ते पाहावे आणि चढते असेल तर नांगर टाकून थांबणे हाही एक पर्याय आहे हे विसरू नये. टो हवे असेल तर आपल्या सदस्यत्वाच्या सेवेला स्वतः फोन करावा. व्हीएचएफच्या चॅनल १६ वर, म्हणजे आणीबाणीच्या वाहिनीवर, कोस्ट गार्डला कळवले आणि धोका नसल्याचे सांगितले, तर ते सहसा आपल्या वतीने मदतीची विनंती प्रसारित करतात, आणि त्यामुळे आपण कोणत्या स्थितीत होतो याची सरकारी नोंदही राहते. कोणी न बोलावता आले तर दोर घेण्यापूर्वी टो की सॅल्व्हेज, दर किती, कोठपर्यंत, हे विचारावे आणि शक्य असेल तर व्हीएचएफवर बोलवून घ्यावे, म्हणजे इतरही ऐकतात. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे झाल्यास समोरच्याला तसे सांगून करावे, कारण काही राज्यांत दोन्ही बाजूंची संमती लागते. त्या कॅप्टनच्या कोस्ट गार्डच्या परवान्यावर टो-मदतीची वेगळी नोंद आवश्यक असते, ती दाखवायला सांगावी. कोणतीही सही दोर बांधण्यापूर्वी, संपूर्ण मजकूर वाचून, त्याचे छायाचित्र काढून करावी. दोर ताणलेला असताना पुढे आलेल्या कागदावर किंवा पडद्यावर सही करू नये आणि उत्तर पटले नाही तर, आम्हाला तुमची सेवा नको, असे साक्षीदाराच्या समोर मोठ्याने सांगून वेळेसह लिहून ठेवावे.

आपली पॉलिसी घरी असतानाच काढून दोन गोष्टी तपासाव्यात. सॅल्व्हेजची मर्यादा बोटीच्या संपूर्ण विमामूल्याइतकी आहे की तिचाच एक भाग आहे, ही पहिली, आणि टोसाठी वेगळी तरतूद आहे का, ही दुसरी. सॅल्व्हेजचा दावा हाती पडल्यास स्वतः तडजोडीची बोलणी न करता त्याच क्षणी विमा कंपनीच्या दावा विभागाला कळवावे, कारण आपण फोनवर सहज बोललेली रक्कमही कबुली म्हणून पुढे केली जाते. सॅल्व्हेजच्या मोबदल्यासाठी न्यायालयात जाण्याची मुदत काम संपल्यापासून दोन वर्षे असते, तेव्हा पैसे देऊन प्रकरण मिटवले तरी लॉगबुक, छायाचित्रे आणि ईमेल तोवर जपून ठेवावेत, आणि मिटवताना सर्व दावे संपल्याचे लेखी पत्र सहीनिशी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आम्ही हे पत्र घेतले, आणि परवान्याच्या बाबतीत कोस्ट गार्डकडे लेखी तक्रारही दिली.