विसाव्या आणि चौथ्या रांगेतून ऐकलेली सिम्फनी

नागपुरात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की दोन-तीन गायक, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलक आणि गाण्यागणिक शेर ऐकवणारा निवेदक हेच चित्र डोळ्यांसमोर येते. गणेशोत्सवात आणि शारदोत्सवात वस्तीच्या मैदानावर होणारे ते कार्यक्रम ऐकतच मी मोठा झालो. माझे वडील तर अशाच एका हौशी संचात बरीच वर्षे अकॉर्डियन वाजवीत असत. त्यामुळे मुंबईहून आलेला पन्नासेक वादकांचा सिम्फनी वाद्यवृंद गायकांविना केवळ चित्रपटसंगीत वाजवणार असल्याची जाहिरात वाचली, तेव्हा प्रत्येकी ९०० रुपयांची दोन तिकिटे काढून मी बाबांना सोबत नेले. आमच्या जागा विसाव्या रांगेत होत्या. रांगेचा हा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

साडेसहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला, कारण वादक आपापल्या खुर्च्यांवर वाद्ये घेऊन बसलेले असताना व्यासपीठाच्या पुढच्या भागात शाल-श्रीफळ देऊन सत्कार चालले होते. ते आटोपल्यावर ओबो हे सनईच्या जातीचे वाद्य वाजवणाऱ्या बाईंनी एक लांब स्वर धरला आणि त्या स्वराला सगळ्यांनी आपापली वाद्ये मिळवून घेतली. तानपुरा लागताना सभागृहात जी शांतता पसरते तीच इथेही पसरायला हवी होती. परंतु कार्यक्रम अजून सुरू झालेला नाही अशा समजुतीने बहुतेकांच्या गप्पा चालूच राहिल्या.

पूर्वार्ध हॉलिवूडच्या संगीताचा होता. आरंभी जॉन विल्यम्स यांचे ‘स्टार वॉर्स’चे शीर्षकसंगीत वाजले. हे संगीत १९७७ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ध्वनिमुद्रित केले होते, आणि पितळी वाद्यांच्या पहिल्याच घोषात श्रोत्याला खुर्चीत ताठ बसवण्याची ताकद त्यात आहे. आम्ही ताठ बसलो खरे, पण ते ध्वनिक्षेपकांच्या आवाजामुळे. व्यासपीठाच्या दोन्ही अंगांना उभे केलेले स्पीकर लग्नाच्या स्वागत समारंभाला शोभावेत इतक्या आवाजात लावलेले होते, आणि व्हायोलिन, ट्रॉम्बोन, टिंपनी ही सारी वाद्ये एकाच जाडसर गोळ्यात मिसळून त्यांतूनच बाहेर पडत होती. डोळ्यांना वादकांच्या हातातले अठरा गज एका लयीत वर-खाली होताना दिसत होते. कानांना मात्र कीबोर्डवरच्या ‘स्ट्रिंग्ज’च्या बटणाहून फारसे वेगळे काही ऐकू येत नव्हते. बाबा वाकून हळूच म्हणाले, “आमच्या वेळी ही सारी व्हायोलिनं एकटा कीबोर्डवाला काढत होता ना!”

सर्वाधिक नुकसान झाले ते ‘सायको’च्या तुकड्याचे. १९६० च्या या चित्रपटासाठी बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली; एकही फुंकवाद्य नाही, एकही तालवाद्य नाही. न्हाणीघरातील त्या प्रसिद्ध प्रसंगाला संगीतच नको, असे दिग्दर्शक हिचकॉकचे आधी मत होते, ते हर्मन यांची रचना ऐकल्यावर बदलले. तिथली व्हायोलिनची किंकाळी अंगावर येते, कारण गज तारेवर खरवडल्याचा कोरडा स्पर्श तिच्यात असतो. स्पीकरमधून तो स्पर्श नाहीसा झाला आणि उरली ती नुसती शिट्टी. ‘गॉडफादर’च्या आरंभीचा एकट्या ट्रम्पेटचा आलाप मात्र उत्तम वठला, कदाचित तिथे ध्वनियंत्रणेला बिघडवण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे.

मध्यंतरात एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या पहिल्या सहा रांगांतील बहुतेक मंडळी सत्कार, छायाचित्रे आणि चहा आटोपून घरी गेली. स्वयंसेवकाची परवानगी घेऊन आम्ही चौथ्या रांगेत जाऊन बसलो. एवढ्या पुढे स्पीकरचा मारा डोक्यावरून मागे निघून जातो आणि वाद्यांचा स्वतःचा आवाज थेट पोहोचतो. उत्तरार्ध मी ज्या कार्यक्रमात ऐकला, तो पूर्वार्धातला कार्यक्रम नव्हताच, असे म्हटले तरी चालेल.

उत्तरार्ध हिंदी संगीताचा होता आणि त्याची मांडणी विचारपूर्वक केलेली होती. वाद्यवृंद संचालकांनी प्रथम मोझार्टच्या १७८८ सालच्या चाळिसाव्या सिम्फनीचा आरंभ वाजवून घेतला. त्यात आधी व्हायोलांची, म्हणजे व्हायोलिनहून थोड्या मोठ्या व खालच्या स्वराच्या वाद्यांची, धडधडती साथ सुरू होते आणि मग तिच्यावर व्हायोलिनची ती अस्वस्थ, पुनःपुन्हा खाली झुकणारी सुरावट येते. काही आवर्तनांनंतर, कुठेही न थांबता, तीच सुरावट वळून १९६१ च्या ‘छाया’मधील सलील चौधरींच्या ‘इतना न मुझसे तू प्यार बढ़ा’मध्ये शिरली. हे गाणे मोझार्टवरून घेतले आहे, हे संगीतप्रेमींना ठाऊक असतेच. परंतु सलीलदांनी ती सुरावट कुठे सोडली आणि स्वतःचे चालणे कुठून सुरू केले, तो सांधा गायकाचा आवाज नसताना प्रथमच इतका स्पष्ट दिसला. अंतऱ्याची ओळ ओबोला दिली होती आणि तिच्याखाली चेलो या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यांची संथ प्रतिसुरावट वाहत होती. ती ऐकताना बाबा गुडघ्यावर बोटांनी न दिसणाऱ्या पट्ट्या दाबत होते.

गाण्यामधल्या वाद्यमेळाला आपल्याकडे कलाकार ‘म्युझिक’ म्हणतात आणि श्रोते त्या वेळी शेजाऱ्याशी बोलून घेतात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनचे जे ताफे ऐकू येतात, ते कागदावर उतरवण्याचे काम सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या संगीत संयोजकांनी केले. अँथनी गोन्साल्विस यांनी तर प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले, आणि त्यांच्या नावाचे पुढे गाणेच झाले. पडद्यावर या मंडळींची नावे क्वचितच येत. अनेक जुन्या गाण्यांची मूळ स्वरलिपीही आता उरलेली नाही, त्यामुळे ध्वनिमुद्रिका ऐकून एकेका वाद्याची ओळ पुन्हा लिहून काढावी लागते. निवेदकांनी पाठ केलेले शेर ऐकवण्याऐवजी यातले चार शब्द सांगितले असते, तर त्यांचा वेळ सत्कारणी लागला असता.

‘शोले’च्या शीर्षकसंगीतात फ्रेंच हॉर्नचा एक वरचा स्वर फुटला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या वाद्यात वरचे स्वर एकमेकांना इतके चिकटून असतात की ओठांचा दाब किंचित चुकला तरी शेजारचा स्वर लागतो. पुढच्याच आवर्तनात त्या वादकाने तो स्वर स्वच्छ लावला. ‘आवारा’च्या स्वप्नदृश्याच्या संगीतात मात्र ढोलकला स्वतंत्र मायक्रोफोन दिल्याने तंतुवाद्यांचा संपूर्ण विभाग तिच्याखाली दडपला गेला. ही चूक वादकांची नव्हती, मागे ध्वनीची कळ सांभाळणाऱ्याची होती.

अखेरीस ‘सैराट’चे संगीत वाजले. २०१६ च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता, त्यामुळे ही रचना या संचाला मुळातच मापाची बसली. प्रेक्षक गाऊ लागल्याने तिचा उत्तरार्ध फारसा ऐकू आला नाही, पण त्या वेळी ऐकण्यापेक्षा गाणेच सर्वांना हवे होते, हे मान्य केले पाहिजे. याच संगीतकारांच्या ‘झुंड’चे चित्रीकरण नागपुरातच झाले होते, त्यातला एखादा तुकडा इथे वाजवावा, हे आयोजकांना सुचायला हवे होते.

विसाव्या रांगेसाठी ९०० रुपये जास्त आहेत, चौथ्या रांगेसाठी मी दुप्पटही देईन. हा संच पुन्हा आला, तर आयोजकांनी स्पीकर निम्म्यावर आणावेत, आणि सत्कार करायचेच असतील तर वादक व्यासपीठावर येण्यापूर्वी उरकावेत. तिकीट काढणाऱ्यांनी चौथ्या ते आठव्या रांगेत डावीकडच्या खुर्च्या पाहाव्यात, कारण पहिली व्हायोलिने त्या बाजूला बसतात. बाबांनी मात्र पुढच्या वेळेसाठी उजवीकडची जागा आताच सांगून ठेवली आहे, चेलोंच्या समोरची.