एस्पोझितो आणि कोलोंबो: टाकलेल्या बाळांची दोन आडनावं

नेपल्सचं ‘एस्पोझितो’ आणि मिलानचं ‘कोलोंबो’ ही दोन्ही आडनावं बेवारस बाळांना दिली जात. पण दोन्हींच्या अर्थात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

एस्पोझितोचं मूळ लॅटिन ‘एक्सपोझितुस’, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. नेपल्सच्या अनुन्झियाता अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चक्र होतं. बाहेरून त्यात बाळ ठेवायचं, चक्र फिरवायचं, आतून कुणीतरी बाळ उचलून घ्यायचं. ठेवणाऱ्या आईचा चेहरा आतल्यांना दिसत नसे. १८७५ मध्ये ते चक्र बंद झालं, पण नाव मात्र टिकलं. मूल मोठं झालं, त्याला नातवंडं झाली, तरी आडनाव सांगतच राहिलं की हा टाकलेला होता. मला हे फार क्रूर वाटतं.

मिलानने निदान नाव देताना माया दाखवली. तिथल्या ओस्पेदाले माज्जोरे या जुन्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर, इटालियनमध्ये ‘कोलोंबा’. त्यावरून ही मुलं कोलोंबो झाली. अर्थात प्रत्येक कोलोंबो अनाथ नव्हे: जेनोव्हाचा क्रिस्तोफोरो कोलोंबो, म्हणजे आपण ज्याला कोलंबस म्हणतो तो, विणकराचा मुलगा होता.

एस्पोझितोला अशी पळवाट क्वचितच मिळते. आणि आज नेपल्समध्ये सर्वाधिक आढळणारं आडनाव तेच आहे.