गाठ काढायची की स्तन काढायचा?

मामीला स्तनाचा कर्करोग असल्याचा बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी ओसरीवर चार मतं होती आणि चारही पुरुषांची. "अठ्ठावन्न वय, पोरं मार्गी लागली, आता ठेवून काय करायचंय? एकदाच काय ते काढून टाका." मामी आत चहा गाळत होती. चर्चा ज्याची चालली होती त्याचं नाव घ्यायलाही कुणाची जीभ रेटत नव्हती. 'ते', एवढंच.

सर्जनने "दोन्ही चालेल" असं सांगितलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी जिवाचं बोलू, कारण 'काढून टाका' म्हणणाऱ्याच्या पोटात तीच भीती असते. इटलीतल्या मिलानमध्ये सर्जन उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ बायकांचे दोन गट केले. एका गटात पूर्ण स्तन काढला. दुसऱ्यात फक्त गाठीचा भाग काढून उरलेल्या स्तनाला किरणांचा शेक (रेडिएशन) दिला. वीस वर्षांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २४ टक्के होतं, दुसऱ्यात २६. हा फरक शास्त्राच्या हिशेबात फरकच नाही. त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण मात्र वेगळं होतं: स्तन काढलेल्यांत २.३ टक्के, राखलेल्यांत ८.८. म्हणजे स्तन राखला तर त्याच जागी परत शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता थोडी जास्त, आयुष्य मात्र तेवढंच. आता औषधं सुधारल्यामुळे रोग उलटण्याचं प्रमाण आणखी खाली आलं आहे.

मग गाठ काढण्यात मेख कुठे आहे? शेकात. अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत एका गटाची गाठ काढली पण शेक दिला नाही. वीस वर्षांत त्यातल्या ३९ टक्के बायकांच्या त्याच स्तनात रोग परतला. शेक घेतलेल्यांत हा आकडा १४ होता. त्यामुळे "गाठ काढू, शेकाचं पुढे बघू" हा तिसरा पर्याय बहुतेकींना नाहीच. पूर्वी हा शेक पाच आठवडे, पंचवीस वेळा चालायचा. आता बऱ्याच ठिकाणी पंधरा-सोळा वेळांत, तीन आठवड्यांत संपतो आणि काहींना पाच वेळांतही देतात. दुखत नाही. कातडी काळवंडते, थकवा येतो. खरा त्रास रोजच्या जाण्यायेण्याचा. मशीन शंभर किलोमीटरवर असेल तर तीन आठवडे राहायचं कुठे, हा प्रश्न डॉक्टरच्या टेबलावर कधीच येत नाही. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा रुग्णांची राहण्याची सोय करतात, पण चौकशी लवकर करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर शेकाचं काय ते भरती होण्याआधी विचारून ठेवा.

आणि एक गफलत सर्रास होते. स्तन काढला की शेक टळतो असं गृहीत धरलं जातं. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी निघाली किंवा काखेतल्या बऱ्याच ग्रंथींत रोग सापडला, तर स्तन काढूनही शेक लागतो. "माझ्या बाबतीत ही शक्यता किती?" हे शस्त्रक्रियेआधीच विचारा. उलट गाठ काढली आणि काढलेल्या भागाच्या कडेला रोग असल्याचं तपासणीत दिसलं, तर परत ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं. केमो लागणार की नाही हे रोगाच्या जातीवर आणि टप्प्यावर ठरतं, स्तन ठेवला की काढला यावर नाही.

काही जणींना निवड नसतेच. एकाच स्तनात लांब लांब दोन-तीन ठिकाणी रोग, त्याच जागी पूर्वी घेतलेला शेक, किंवा छोट्या स्तनात मोठी गाठ. शेवटच्या बाबतीत आधी केमो देऊन गाठ लहान करता येते, तेही विचारावं.

आता मनाचं. धर्मशाळेत मामीच्या शेजारची बाई स्तन काढून आली होती. "मला झोप लागते आता," म्हणाली, आणि तिचं खरंच होतं. दर वर्षी त्या बाजूची मॅमोग्राफी नको, त्याआधीचे आठ दिवस पोटात गोळा नको. पण छाती बधिर झाली होती, एका बाजूला वजन नसल्यानं खांदा ओढायचा आणि ब्लाऊजमध्ये भरलेला कापूस हलका असल्यानं वर सरकायचा. सिलिकॉनचं पॅड वजनाला बरोबर बसतं, पण त्याबद्दल तिला कुणी बोललंच नव्हतं. स्तनाच्या पुनर्रचनेची शस्त्रक्रिया तर तिनं ऐकलीही नव्हती. 'वय झालं' म्हणणाऱ्यांना आंघोळीच्या वेळचा आरसा ठाऊक नसतो.

घाई करू नका. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रोगात विचार करायला आठवडाभर घेतला तर बिघडत नाही. दुसऱ्या सर्जनचं मत याच दिवसांत घ्या. सोबत मुलगा-नवरा असू देत, पण पाच मिनिटं डॉक्टरांशी एकटीनं बोला.

मामी बोलली. शेक किती दिवस, एवढंच विचारलं. पंधरा म्हटल्यावर गाठ काढायची ठरवून बाहेर आली आणि मामांना म्हणाली, "म्हशीची धार तुम्हाला जमेल ना?"