तळ्याकाठी बदक की कोंबडी?
परसात गुंठाभर तळं असेल तर खाकी कॅम्पबेल जातीची बदकं दोन-तीनच ठेवा. जास्त झाली की विष्ठेने पाणी हिरवं होतं आणि पहाटे प्राणवायू कमी पडून मासे पाण्यावर तोंडं उघडत फिरतात. बदक गोगलगायी वेचतं, रोपं तुडवतं, पण उकरत नाही. कोंबडी मात्र नुकता पेरलेला मेथीचा वाफा तासाभरात उधळते. तिला जाळी हवीच.

बदकं पहाटे अंडी घालतात. नऊपर्यंत कोंडून ठेवा, नाहीतर अंडी चिखलात शोधत बसा. बुरशीचा मका, शेंगदाणा पेंड त्यांना अजिबात नको: अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष, कोंबडी थोडंफार सोसते, बदकाचं पिल्लू मरतं.

कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, या बदकांची 28. त्यातून कॅम्पबेल क्वचितच उबवायला बसते. तिची अंडी गावठी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवावी लागतात.