वायनाड, वालपराई की साधना फॉरेस्ट: जंगल उभं करायला हात लावायचा, पण कुठे?

"रजा शिल्लक आहे, कुठेतरी जंगल लावायला जाऊ का?" असं कोणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो. दिवस किती आहेत? पंधरा की नव्वद? यावर जागा ठरते, फोटो किती सुंदर आहेत यावर नाही.

कारण सांगतो. फणसाची आठळी उन्हात कडकडीत वाळवा आणि पुढच्या वर्षी पेरा, उगवणार नाही. सदाहरित जंगलातल्या बऱ्याच झाडांचं असंच आहे. बी सुकलं की मेलं. फळ पडलं की ते लगेच उचलायचं, पेरायचं आणि मग रोप पिशवीत, सावलीत, वर्ष-दोन वर्षं जपायचं. खड्डा करून रोप लावणं हा या सगळ्यातला शेवटचा आणि सर्वात छोटा भाग. नेमका तेवढाच करायला सगळे येतात.

वायनाड, केरळ. पेरियाजवळचं गुरुकुल बोटॅनिकल सँक्च्युअरी १९८१ साली वोल्फगांग थॉयरकाउफ या जर्मन माणसाने सुरू केलं. सुप्रभा शेषन तिथे अनेक वर्षं काम करत आहेत. २००६ साली त्यांना निसर्गसंवर्धनासाठीचा व्हिटली पुरस्कार मिळाला. बाग म्हटल्यावर गुलाबाचे वाफे डोळ्यांसमोर येत असतील, तर ते पुसून टाका. हे निर्वासित वनस्पतींचं घर आहे. रस्ता रुंद झाला, मळ्यासाठी जंगल तुटलं, की तिथल्या आमऱ्या (ऑर्किड), नेचे, तेरड्याच्या रानटी जाती उचलून इथे आणायच्या आणि जगवायच्या. पश्चिम घाटातल्या दोन हजारांहून अधिक जाती इथे सांभाळल्या आहेत. हे हातांचं काम गावातल्या बायका करतात. कोणती आमरी कुठल्या फांदीवर, किती शेवाळात, वाऱ्याकडे तोंड करून की पाठ, हे त्यांच्या बोटांना माहीत असतं. तिथे जायचं म्हणजे त्यांच्या हाताखाली उमेदवारी करायची: तण काढायचं, कुंड्या भरायच्या, आणि पहिले काही आठवडे "तिथे पाय देऊ नका" हे ऐकायचं. आठ दिवसांसाठी आलेला माणूस इथे मदत कमी आणि पाहुणा जास्त असतो. म्हणून तीन-चार महिने हाताशी असतील तरच त्यांना सविस्तर पत्र लिहा, आणि होकार आल्याशिवाय तिकीट काढू नका. कोकण रेल्वेने कण्णूर किंवा तलश्शेरी, तिथून घाट चढून बस. जळवांची किळस असेल तर पावसाळा टाळा. पण पावसाळा टाळून वायनाडला जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

वालपराई, तमिळनाडू. अनामलाई डोंगरांतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत जंगलाचे तुकडे उरले आहेत. नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी २०००च्या सुमारास तिथे पुन्हा जंगल उभं करायला सुरुवात केली. बिया रस्त्याकडेच्या वेचायच्या, जंगलातल्या जंगलालाच ठेवायच्या. उदमांजराच्या विष्ठेतल्या बियाही चालतात. मग घाणेरी उपटायची, आणि पावसाच्या तोंडावर अनेक जातींची मिसळ करून रोपं लावायची. इथला खरा फरक मोजमापाचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लावणीला सात ते पंधरा वर्षं झालेले तुकडे आणि नुसते सोडून दिलेले तुकडे शेजारी ठेवून पाहिले. लावलेल्या तुकड्यांत झाडांच्या जाती आणि साठलेला कार्बन दोन्ही जास्त निघाले, आणि मोठ्या जंगलापासून दूर पडलेल्या तुकड्यांत हा फायदा अधिक होता. वनस्पतिशास्त्राचा किंवा पर्यावरणाचा विद्यार्थी असाल, वही-टेप घेऊन खोडं मोजायला कंटाळत नसाल, तर ही जागा तुमची. हौशी माणसाने मात्र दार उघडंच असेल असं धरून पोल्लाचीवरून चाळीस वळणं चढू नयेत.

साधना फॉरेस्ट, पुदुच्चेरीकडच्या ऑरोविलजवळ. आधीच सांगतो, हे वर्षावन नाही. किनाऱ्यावरचं कोरडं सदाहरित जंगल आहे, आणि पाऊस आपला नाही, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीला सोयीचं! इस्रायलहून आलेल्या अविराम आणि योरित रोझिन यांनी २००३ साली सत्तर एकर उजाड लाल मातीवर सुरू केलं. इथलं काम बांध, चर, खड्डे, पाणी अडवणं. पहिल्याच सकाळी फावडं हातात. जेवण पूर्ण शाकाहारी, दूधही नाही, म्हणजे चहा काळा. दारू-सिगारेट बंद. जगभरची माणसं येतात-जातात, त्यामुळे नवख्याला कोणी वेडं ठरवत नाही. वनस्पती ओळखायला शिकायचं असेल तर वायनाडच्या तुलनेत इथे हाती कमी लागेल. अंगमेहनतीची सवय आणि आपल्याला हे झेपेल का याचा अंदाज मात्र पक्का मिळेल.

माझं मत विचाराल तर दोन आठवडेच असणाऱ्याने साधना फॉरेस्ट गाठावं. नोकरी सोडून मधला काळ मोकळा असणाऱ्याने वायनाडला लिहावं.

आणि महाराष्ट्र सोडणंच शक्य नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं लीड बोटॅनिकल गार्डन आहे. डॉ. श्रीरंग यादव यांनी कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया) दुर्मीळ जाती जगवण्याचं काम याच विद्यापीठातून केलं. ती झाडं सड्यांची आणि डोंगरउतारांची, घनदाट रानाची नव्हेत. पण बियांपासून रोप करण्याची चिकाटी तीच लागते, आणि ती शनिवार-रविवारीही शिकता येते. एकदा जाऊन विचारून या.