राखीव निसर्गजमिनींवर जाणकाराबरोबरच्या फेऱ्या : आठ महिन्यांनंतर

स्थानिक पातळीवर राखलेल्या नैसर्गिक जमिनींवर जाणकाराबरोबर पायी हिंडण्याच्या एका उपक्रमाचे वार्षिक सदस्यत्व मी आठ महिन्यांपूर्वी घेतले. आतापर्यंत अकरा फेऱ्या झाल्या आणि त्यांपैकी सहा एकाच जमिनीवर झाल्या. नाव नोंदवले ते नव्या जागा पाहण्याच्या हौसेने, पण पैसे वसूल झाले ते त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याने.

पहिल्या फेरीत दोन तासांत जेमतेम एक किलोमीटर अंतर कापले, तेव्हा माझी चिडचिड झाली होती. तिसऱ्या फेरीत मार्गदर्शक बाईंनी दहापट मोठे दाखवणारे भिंग हातात दिले आणि ते डोळ्याला लावून मगच कातळाकडे सरकायला सांगितले. एरवी आपण नेमके उलट करतो. ज्याला मी कातळावरचा राखाडी डाग समजत होतो, त्यात भेगा होत्या आणि बारीक काळ्या वाट्या होत्या. ते दगडफुलाच्या जातकुळीतले होते. अशा जीवात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात, ही कल्पना स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडली तेव्हा अनेक तज्ज्ञांनी ती धुडकावून लावली होती, असे बाई तिथेच ओणवे होऊन सांगत होत्या. कातळाला घट्ट चिकटून वाढणारे यातले काही प्रकार वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत, हे कळल्यापासून तिथे बूट टेकवायला धजावत नाही.

तो डाग सहा फेऱ्यांत होता तसाच राहिला. शेजारची पायवाट मात्र वीतभर रुंदावली. चिखल चुकवण्यासाठी लोक कडेने जातात, त्यामुळे कडेचे गवत मरते आणि मग तिथेही चिखल होतो. म्हणून बाई आम्हाला सरळ चिखलातूनच नेतात. प्रवेशापाशी बुटांचे तळ ब्रशने घासून घेणे मला आधी उगाच वाटे. पण एकदा माझ्याच तळाच्या खाचांतून निघालेल्या कुसळांमध्ये बाहेरच्या तणाचे बी सापडले, तेव्हापासून कुरकुर थांबली.

सगळ्याच फेऱ्या अशा झाल्या नाहीत. एका फेरीला आम्ही पंचवीस जण होतो आणि मार्गदर्शकाने फोनवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला जवळ बोलावले. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला आहे असे समजून तो पक्षी विणीच्या दिवसांत हातचे काम टाकून धावून येतो, आणि आपण मात्र छायाचित्र चांगले आले म्हणून खूश होतो. मी लेखी तक्रार केली, तिला केवळ आभाराचे उत्तर आले. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते, बाकीच्यांचे नाही. त्यामुळे दुर्मीळ फूल दिसले की आमच्या बाई ठिकाणाची नोंद स्वतःहून झाकायला लावतात. दोन मार्गदर्शकांमधला हा फरक मला फार मोठा वाटतो.

सदस्यत्व पुन्हा घेणार आहे, मात्र नोंदणीपूर्वी गटात किती जण आहेत हे विचारूनच. बाराच्या वर माणसे गेली की मागच्यांपर्यंत ना आवाज पोहोचतो, ना भिंग.