अमेरिकेतून ब्रिटनमध्ये परत आणलेली एमजीबी: पत्रा, कागद आणि खर्च

एमजी म्हटलं की भारतात आता हेक्टर डोळ्यांसमोर येते. हे परीक्षण मात्र ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी रोडस्टरचं आहे. १,७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, दोघांपुरती जागा आणि उघडं छप्पर. बंद छपराची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यांतला मोठा वाटा थेट अमेरिकेला गेला. त्यांतल्या बऱ्याच आता कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यांतून ब्रिटनमध्ये परत येतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मराठी माणसाने अशी गाडी घ्यावी का? घ्यावी. पण एकाच कारणासाठी: तिचा पत्रा कोरडा असतो. तो कोरडा नसेल तर समुद्रापार हात घालण्यात काहीच अर्थ नाही, गाडी तिथेच सोडून द्या.

एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला छप्परही नाही, त्यामुळे गाडीचा बराचसा भार दारांखालच्या सिलवर येतो. हे सिल एका पत्र्याचं नसतं. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोन्हींच्या मध्ये उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची लोखंडी पट्टी अशी त्याची रचना. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी आत साचतं आणि सिल आतून सडत जातं. वरून पाहिलं तर रंग चकचकीत. नवं सिल घालायचं तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार जोडावा लागतो, नाहीतर गाडी मधून वाकते आणि पुन्हा कधीच सरळ होत नाही. दोन्ही बाजूंचं हे काम चांगल्या गॅरेजमध्ये केलं की कित्येकदा गाडीच्या किमतीइतकंच बिल होतं. याउलट इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन यांचा जवळजवळ प्रत्येक भाग ब्रिटनमध्ये नवा मिळतो आणि स्वस्तही पडतो. म्हणून इंजिन खडखडतंय पण पत्रा शाबूत आहे अशी गाडी घ्या. उलट असेल तर नको.

विकणाऱ्याकडून फोटो मागवताना ‘सगळ्या बाजूंनी पाठवा’ एवढं सांगून भागत नाही. दार बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट नीट दिसेल असा फोटो हवा. वर फट बारीक आणि खाली रुंद दिसली तर गाडी मधून खचलेली आहे. मग गालिचे उचलून फरशीचा, सीटमागच्या बॅटरीच्या खोक्यांचा (जुन्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांचं ॲसिड खाली झिरपतं), मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढल्या टोकाला बॉडीत बसणाऱ्या हँगरचा, जॅक लावायच्या जागेचा आणि पुढच्या मडगार्डच्या वरच्या शिवणीचा. दाराच्या त्रिकोणी काचेखाली पत्र्याला उभी चीर असणं हा या मॉडेलचा जुना आजार आहे. ती दिसली म्हणून घाबरू नका, पण किंमत पाडून घ्या. तिथल्या एखाद्या स्वतंत्र तपासनिसाला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि सिलवर चुंबक फिरवायला सांगा. चुंबक सुटला तर खाली पुट्टी आहे. कॅलिफोर्नियाची गाडी म्हणजे गंज नाहीच, असं समजू नका. समुद्रकिनाऱ्याजवळ वाढलेली गाडीही सडते, आणि मिशिगनमध्ये वीस हिवाळे काढून शेवटची दोन वर्षं लॉस एंजेलिसमध्ये राहिलेली गाडीसुद्धा ‘कॅलिफोर्निया कार’ म्हणूनच विकली जाते. जुन्या नोंदणीचे कागद मागा.

कोरड्या हवेचीही किंमत मोजावी लागते. डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो, सीटचं कव्हर फाटलेलं, दारांचे रबर दगडासारखे, ब्रेकचे होज आतून बंद. पेट्रोलच्या टाकीत जुनं इंधन घट्ट होऊन बसलेलं. ही सगळी उरकून टाकायची कामं आहेत. खर्चात धरा आणि विसरा.

कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी, यावर मात्र वेळ घालवा, कारण अमेरिकी नियमांमुळे एमजीबी वर्षागणिक बदलत गेली. चासी नंबरच बरंच सांगतो. जीएचएन५यूए म्हणजे रोडस्टर, अमेरिकेसाठी, १९७० चं मॉडेल. त्यापुढे शेवटचं अक्षर बदलत जातं: बी १९७१, सी १९७२, डी १९७३, ई १९७४, असं करत एल १९८०. १९७४ च्या मध्यावर क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि दिव्यांच्या उंचीचा नियम पाळायला गाडी सुमारे दीड इंच उचलली गेली. त्याच सुमारास पुढचा अँटी-रोल बारही काढला, तो १९७७ ला परत आला. मधल्या त्या गाड्या वळणावर होडीसारख्या कलतात. १९७५ पासून अमेरिकी गाडीला दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आलं. कमी कॉम्प्रेशन आणि धुरावरच्या बंधनांमुळे ताकद साठ-बासष्ट हॉर्सपॉवरवर घसरली. सुरुवातीच्या गाड्यांची कागदावरची ताकद ९५ होती.

आमची पसंती १९६८ ते १९७३. या गाड्यांत पाच बेअरिंगचा क्रँक आहे (तो १९६४ च्या अखेरीला आला), पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरखरता पडावा म्हणूनची योजना) आहे आणि बंपर क्रोमचे आहेत. अमेरिकेसाठीच्या रोडस्टरला या काळात पुढच्या काचेवर तीन वायपर आले. १९७० च्या मॉडेलला मागचा बंपर दोन तुकड्यांत आहे, मधे नंबरप्लेट. १९६८ पासून काही वर्षं तिथल्या गाड्यांना गादीसारखा फुगीर डॅशबोर्ड होता, त्याला ‘ॲबिंग्डन पिलो’ म्हणतात. ब्रिटिश गाड्यांत तो नव्हता. ही ओळख जपून ठेवा. सगळं काढून गाडी ब्रिटिश दिसायला लावण्याचा अट्टहास आम्हाला पटत नाही, कारण हाच या गाडीचा खरा इतिहास आहे.

आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जोड-गिअर, आहे का ते बघा. अमेरिकेत तो जादा पैशांचा पर्याय होता, बऱ्याच गाड्यांत नाही. त्याच्याशिवाय चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. ओव्हरड्राइव्ह टाकला की ३,२०० वर येतं. मोटरवेवर तासभर चालवायची असेल तर हा फरक कानाला आणि कंबरेला चांगलाच कळतो. नंतर बसवता येतो, पण त्यासाठी ओव्हरड्राइव्हसकट गिअरबॉक्सच बदलावा लागतो, आणि तो बाहेर काढायचा तर इंजिनही बाहेर काढावं लागतं.

आता कागद. गाडीच्या मालकीचा कागद म्हणजे टायटल; कॅलिफोर्नियात त्याला सगळे पिंक स्लिपच म्हणतात. त्यावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच असायला हवं, चासी नंबर अक्षरन् अक्षर जुळायला हवा आणि कोणाचं कर्ज नोंदलेलं असेल तर ते फिटल्याचा कागद सोबत हवा. मूळ टायटलशिवाय अमेरिकी कस्टम्स गाडी बाहेर सोडत नाही. जहाज सुटण्याच्या किमान ७२ तास आधी कागद त्यांच्यापुढे जावे लागतात. ‘टायटल हरवलंय, नंतर पाठवतो’ असं कोणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा. आणि गाडी बाहेर पडल्यावर ते मूळ टायटल कुठल्याही एजंटच्या फायलीत राहू देऊ नका, ब्रिटनमधल्या नोंदणीला तेच लागणार आहे.

पाठवायचे मार्ग दोन. रोरो जहाजात गाडी चालवत चढवतात. हे स्वस्त पडतं, पण गाडी स्वतः सुरू होऊन ब्रेक लागायला हवी आणि आत सुटे भाग ठेवता येत नाहीत. कंटेनरमध्ये तीन-चार गाड्या मिळून भाडं वाटून घेतात. चालत नसलेली, मऊ छपराची गाडी असेल तर हाच मार्ग. टाकीत पेट्रोल पावपेक्षा कमी ठेवा, बॅटरीची तार सोडवा आणि पट्टे चाकांवरून बांधायला सांगा. सस्पेन्शनला किंवा बंपरला हुक अडकवलेला दिसला तर तिथेच हरकत घ्या. विमा फक्त ‘संपूर्ण नुकसानी’चा घेऊ नका. जहाज क्वचितच बुडतं, पण दार चेपणं आणि काच फुटणं नेहमीचं आहे.

खरे पैसे वाचतात किंवा बुडतात ते ब्रिटिश कस्टम्समध्ये. किमान ३० वर्षं जुनी, मॉडेलचं उत्पादन बंद झालेलं आणि चासी, इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन मुळातल्यासारखं राखलेली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून ९७०५ या शीर्षकाखाली येते. मग आयात शुल्क शून्य आणि व्हॅट ५ टक्के. हेच एजंटने नेहमीच्या मोटारींच्या ८७०३ खाली टाकलं तर शुल्क १० टक्के आणि वर २० टक्के व्हॅट. समजा गाडी ८,००० पौंडांना पडली आणि भाडं-विमा १,५०० पौंड. ९,५०० वर ५ टक्के म्हणजे ४७५ पौंड. दुसऱ्या हिशेबात ९५० शुल्क, मग १०,४५० वर २० टक्के म्हणजे २,०९० व्हॅट, एकूण ३,०४० पौंड. एका चुकीच्या आकड्याने अडीच हजारांवर पौंड जातात आणि परतावा मागत बसावं लागतं. म्हणून गाडी बंदरात येण्याआधीच एजंटला वर्गीकरण लेखी कळवा, सोबत चासी नंबरचा आणि इंजिनचा फोटो जोडा. गाडीत मोठं अमेरिकी व्ही-८ इंजिन बसवलेलं असेल तर ही सवलत मिळेल असं धरून चालू नका. आणि ‘गाडी ब्रिटनमध्येच बनलीय, मग कर कसला?’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. परत आलेल्या मालाच्या सवलतीला साधारण तीन वर्षांची मर्यादा आहे, पन्नास वर्षांची नाही.

गाडी उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत कर खात्याकडे गाडी आल्याची नोंद करायची असते, तिला नोव्हा म्हणतात. एजंट करणार आहे की तुम्ही, हे आधीच ठरवा, कारण दोघेही दुसऱ्याच्या भरवशावर राहतात. मग डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला व्ही५५/५ अर्ज, ५५ पौंड फी, मूळ टायटल आणि गाडीच्या वयाचा पुरावा. तो पुरावा म्हणजे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणारं हेरिटेज प्रमाणपत्र. कारखान्याच्या नोंदवहीतून बांधणीची तारीख, मूळ रंग आणि गाडी कुठे पाठवली हे त्यात येतं. गाडी जहाजावर असतानाच मागवून ठेवा. आजच्या घडीला प्रत्येक एमजीबी ४० वर्षांपलीकडे गेली आहे. म्हणून ऐतिहासिक वर्गात रोड टॅक्स शून्य, एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही आणि लंडनच्या यूएलईझेड या कमी प्रदूषणाच्या विभागाची फीही नाही. सक्ती नसली तरी एमओटी करून घ्याच. वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक दुसऱ्या माणसाने तपासलेले बरे.

रस्त्यावर आणण्याआधीचे बदल थोडे आहेत. पुढचे सात इंची दिवे अमेरिकी असतील तर झोत उजवीकडे पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत. डावीकडे झोत टाकणारे दिवे बसवा. मागचे इंडिकेटर काही अमेरिकी गाड्यांत लाल असतात. सप्टेंबर १९६५ नंतरच्या गाडीला ब्रिटनमध्ये पिवळेच लागतात, काच बदलली की बहुतेक काम होतं. स्टीअरिंग उजवीकडे आणायच्या फंदात पडू नका. पेडल बॉक्स, रॅक, डॅशबोर्ड, वायरिंग, वायपर असं सगळं उलटं करावं लागतं. डाव्या स्टीअरिंगची सवय होते. ओव्हरटेक करताना शेजारी बसणाऱ्याची मदत घ्या आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

चालवायला गाडी साधी आणि प्रामाणिक आहे. स्टीअरिंग जड पण नेमकं, गिअरचा दांडा आखूड आणि खटकन बसणारा. इंजिनला जोर खालच्या फेऱ्यांतच आहे, पिळण्यात मजा नाही. मागच्या पाट्या खराब रस्त्यावर उडवतात. इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या वर राहायला हवा. थांबल्यावर १५-२० ला आला तर काळजी नको.

आल्याआल्या करायचं ते असं: ब्रेकचे सगळे होज आणि व्हील सिलिंडर, कूलंटचे होज, पेट्रोलच्या नळ्या, सगळे टायर (नक्षी कितीही दिसली तरी), २०डब्ल्यू-५० तेल आणि फिल्टर. पुढच्या प्रत्येक चाकाच्या किंगपिनला (चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीला) ग्रीसचे तीन निपल असतात. अमेरिकेत अशा गाड्या आधुनिक वर्कशॉपमध्ये गेल्या की ते हमखास विसरले जातात. चाक उचलून वर-खाली हलवा. खुळखुळ जाणवली तर ग्रीस मारून भागणार नाही, किंगपिन बदला. त्यानंतर दर तीन हजार मैलांना ग्रीस. पेट्रोल सुपर ई५ घाला. साध्या पंपावरच्या ई१० मधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या पोखरतं, आणि एमजीबीत त्या नळ्या गरम मॅनिफोल्डच्या अगदी जवळून जातात.